रिकामा रकाना

शहापुरात, साडीच्या दुकानावरच्या खोलीत
पानाला अडीच रुपये या दरानं
मी नदीची पातळी तपासते.
मार्कंडेय, जुना पूल, सकाळी आठ, संध्याकाळी पाच.
वाचणारा : भरमू लक्ष्मण निलजकर.
त्याला मी कधी पाहिलं नाही. त्याची शाई ओळखते.

आधी यंत्र वाचतं, मग मी.
ते इथं नसतं. लांबच्या कुठल्या तरी शहरात
एका हॉलभर कपाटं, गार हवेत तापणारी,
सेकंदाला किती कोटी कोटी बेरजा, साहेब सांगत होते,
मी तेव्हा चहाचे कप मोजत होते, एक कमी पडत होता.
तिथं त्याला पूर शिकवतात म्हणे,
कुठल्या गल्लीत पाणी केव्हा शिरेल
ते आधीच सांगायला.

पण अंक गिरवलेत त्यानं परमुलखात.
भरमूचा एक त्याला इंग्रजी नऊ दिसतो.
अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा,
म्हशीच्या पोटाला लागेल न लागेल एवढं पाणी,
एक पूर्णांक एक मीटर.
यानं केलं नऊ पूर्णांक नऊ.
पूलच मुळात सात मीटरचा.
म्हणजे भर एप्रिलात नदी पुलावरून गेली
आणि गाव झाडाखाली झोपून होतं.
शेजारी हिरव्या अक्षरांत : खात्री शहाण्णव टक्के.

पुढं कचेरीतून कागद आला असेल,
एका सोमवारपासून त्याचे आकडे कानडी.
पहिला आठवडा थरथरता,
तीन गिरवून गिरवून, बिगरीतल्या पोरासारखा.
यंत्राचा शेरा : निरीक्षक बदलला.
नाही रे बाबा, तोच आहे की.
दोनाच्या शेपटीला तोच झोल,
पाचच्या नोंदीवर तोच तंबाखूचा अंगठा.

तर अशा या माणसाचं वजन आता शून्य धरलंय.
केंद्र अविश्वसनीय.
नकाशात पुलाखालची वस्ती करड्या रंगात,
म्हणजे तिथं काय होईल ते सांगता येत नाही,
किंवा सांगायची गरज नाही. दोन्हीचा रंग एकच.

वरच्या बंधाऱ्यावरचा वाचक मात्र आवडता.
त्याचं नाव लिहीत नाही, नातवंडं असतील गावात.
महिन्याच्या महिना एकाच पेनानं, एकाच बैठकीत,
आकडे कसे ओळीनं निजलेले.
गणपतीत चुकला नाही, लग्नसराईत चुकला नाही,
एकतीस जूनलासुद्धा पाणी दोन पूर्णांक चार.
खात्री नव्व्याण्णव.
मी दोनदा कॅलेंडर बघून आले.

आणि हे पान.
बारा ऑगस्ट. भरमूचा रकाना रिकामा.
समासात, तिरकं :
‘आज बघितलो नाही. ताप होता.’
तेराला पुन्हा :
‘काल पाणी फळीच्या वर होतं असं पोरं सांगतात.
मी बघितलो नाही.’
बस. एवढंच.
चव्वेचाळीस वर्षांच्या वह्यांत अशी सतरा भोकं.

यंत्राला भोक बघवत नाही.
त्यानं शेजाऱ्याकडून उसनं आणून भरलंय,
तीन पूर्णांक दोन.
शेजारी म्हणजे तो, एकतीस जूनवाला.

नागरत्ना मॅडमना फोन लावला.
रिकामं पाठवता येत नाही गं, त्या म्हणाल्या,
पुढं सगळं अडून बसतं.
त्यांचंही खरं. त्यांना वरून विचारतात.
वरच्यांना कोण विचारतं ते त्यांनाही ठाऊक नाही.

पडद्यावर दोनच बटणं, बरोबर आणि चूक.
मी चूक दाबते.
मग बरोबर काय? ते विचारतं.
खरं तर नम्रपणे विचारतं, त्यात त्याचा दोष नाही.
मी लिहिते : आज बघितलो नाही.
लाल चौकट. फक्त आकडा चालेल.
मी पुन्हा लिहिते : ताप होता.
लाल चौकट.

खाली शटर ओढल्याचा आवाज.
आज अडीच रुपयेच झाले.
मी पुन्हा लिहिते.